रक्ताच्या ठिपक्यांची फॅब्री चाचणी: पुरुषांसाठी भरवशाची, स्त्रियांसाठी अपुरी

इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसते. रक्तदाब कधी वाढलेला नसतो, महाधमनीची झडपही नीट उघडत असते. अशा वेळी फाइलवर ‘एचसीएम’ (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार) लिहिलं जातं आणि बीटा ब्लॉकर हे नाडी मंद करणारं औषध सुरू होतं. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. भिंत १५ मिलिमीटर किंवा जास्त असली (घरात आधीच कुणाला हा आजार असेल तर १३) आणि जाड होण्याचं दुसरं कारण सापडलं नाही, तर एचसीएम म्हणायचं अशी रीत आहे. ‘दुसरं कारण सापडलं नाही’ हे शब्द मात्र कारण शोधून झाल्यावर लिहायचे असतात, आणि इथेच घाई होते. फॅब्री, पॉम्पे, डॅनन, अमायलॉइड हे पेशींत किंवा स्नायूत नको ते पदार्थ साठून भिंत जाड करणारे आजार याच शिक्क्याखाली वर्षानुवर्षं दडून राहतात.

यातल्या फॅब्रीसाठी टिपकागदाच्या कार्डावर रक्ताचे ठिपके घेऊन करायची एन्झाइम चाचणी आता भारतात बऱ्याच मोठ्या लॅबमधून होते. परीक्षण तिचंच आहे. आमचं मत आधीच सांगतो: कारण न सापडलेल्या जाड भिंतीच्या पुरुषात ही चाचणी जरूर करावी आणि लवकर करावी. स्त्रीमध्ये नुसत्या या चाचणीच्या ‘नॉर्मल’वर फाइल बंद करू नये.

चाचणी नेमकं काय मोजते

फॅब्रीमध्ये एक्स गुणसूत्रावरच्या जीएलए या जनुकात दोष असतो. त्यामुळे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम कमी बनतं किंवा बनतच नाही. ते ज्याचे तुकडे करतं तो जीबी३ नावाचा स्निग्ध पदार्थ मग पेशींत साठत जातो: मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, नसांत आणि हृदयाच्या स्नायूत. जर्मनीत योहानेस फॅब्री आणि इंग्लंडमध्ये विल्यम अँडरसन यांनी १८९८ मध्ये एकमेकांना ठाऊक नसताना या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांचं लक्ष होतं कातडीवरच्या पुरळाकडे. हृदयाचा भाग खूप नंतर उलगडला.

लॅबमध्ये कार्डावरच्या वाळलेल्या ठिपक्यातून साधारण ३ मिलिमीटरची चकती पंचने कापतात. तिच्यातलं रक्त द्रावणात उतरवतात आणि त्यात एक कृत्रिम पदार्थ घालतात. एन्झाइमने तो पदार्थ तोडला की निळसर प्रकाश देणारा भाग सुटा होतो. चमक जितकी जास्त तितकं एन्झाइम जास्त. रक्तात याच कुळातलं ‘बी’ एन्झाइमही असतं आणि तेही तोच पदार्थ थोडाफार तोडतं, म्हणून त्याला गप्प करणारं एक रसायन सोबत घालावं लागतं. काही लॅब प्रकाशाऐवजी मास स्पेक्ट्रोमेट्री वापरतात. त्यात एकाच चकतीवर फॅब्री, पॉम्पे, गोशे अशी अनेक एन्झाइमं एकदम मोजता येतात. शक्य असेल तर अशीच लॅब निवडावी. त्याचं कारण पुढे येईल.

कार्ड भरणं: निम्म्या चुका इथेच होतात

कार्ड साधारण पोस्टकार्डापेक्षा लहान असतं आणि त्यावर गोल आखलेले असतात. बाजारात सर्वाधिक दिसणारा कागद व्हॉटमन ९०३. एका गोलात ५० ते ७५ मायक्रोलीटर रक्त मावतं. किमान तीन गोल पूर्ण भरावेत, म्हणजे शंका आली तर लॅबला दुसरी चकती कापता येते. उपाशी राहायची गरज नाही.

रक्त दोन प्रकारे घेता येतं. बोटाला टोचायचं असेल तर हात आधी कोमट करावा. स्पिरिट पुसल्यावर ते पूर्ण वाळू द्यावं, पहिला थेंब कापसाने टिपून टाकावा आणि दुसरा मोठा थेंब आपोआप लोंबू लागला की कागद त्याला हलकेच टेकवावा. बोट दाबून दाबून रक्त काढलं तर ऊतींतलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. मोठ्या माणसात दुसरा प्रकार जास्त सोयीचा: जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये शिरेतून २ मिली रक्त घ्यायचं, ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करायची आणि पिपेटने गोलाच्या मध्यावर थेंब सोडायचा. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची ट्यूब टाळावी. याच कार्डावरून पुढे जनुकाची तपासणी करायची झाली तर हेपॅरिन पीसीआरमध्ये (जनुकाच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) अडथळा आणतं.

थेंब कागदाच्या एकाच बाजूने सोडायचा आणि पलीकडच्या बाजूला गोल तितकाच लाल झालेला दिसला पाहिजे. न दिसल्यास त्यावर दुसरा थेंब टाकून ‘भर’ घालू नका. बाजूचा नवा गोल भरा. थरावर थर चढले की चकतीत रक्ताचं प्रमाण चुकतं आणि आकडा निरर्थक होतो. कडेला फिकट कडं उमटलं असेल तर रक्त आणि सीरम वेगळं झालंय, तो ठिपका लॅब बाद करते.

मग वाळवणं. कार्ड आडवं, कशालाही न टेकवता, खोलीच्या तापमानाला किमान ३ ते ४ तास ठेवायचं. उन्हात नाही, हेअर ड्रायरसमोर नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात एवढा वेळ पुरत नाही. रात्रभर ठेवलेलं बरं. ठिपका लालभडक न राहता सगळीकडे सारखा काळपट तपकिरी झाला की वाळला असं समजा. नंतर कागदी पाकीट, त्यावर झिप असलेली पिशवी आणि तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या. ओलसर कार्ड प्लॅस्टिकमध्ये बंद केलं तर दमटपणाने एन्झाइम मरतं आणि निरोगी माणसाचा आकडाही कमी येतो. विदर्भात मे महिन्यात कुरिअरवाल्याच्या डिकीत दिवसभर पडून राहिलेल्या कार्डाचंही तेच होतं. म्हणून शनिवारी कार्ड पाठवू नये. सोमवारी पाठवावं, तोवर वाळलेलं कार्ड फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावं.

अनेक एन्झाइमं एकदम मोजणारी लॅब निवडा असं वर म्हटलं ते यासाठीच. फक्त अल्फा-गॅलॅक्टोसिडेज कमी आणि बाकीची ठीक असतील तर त्या आकड्याला अर्थ आहे. सगळीच कमी असतील तर नमुनाच खराब झालाय. एकच एन्झाइम मोजून ‘कमी’ लिहिणारा आणि सोबत तुलनेचं एन्झाइम न देणारा रिपोर्ट आम्ही अपुरा मानतो.

फॉर्मवर लिंग, जन्मतारीख आणि नमुना घेतल्याची तारीख-वेळ लिहिणं चुकवू नका. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तेही लिहा. फॅब्रीचं एन्झाइमचं औषध आधीच सुरू असेल तर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण शिरेतून दिलेलं एन्झाइमच मोजलं जातं.

रिपोर्ट हातात आल्यावर

दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. पद्धती वेगळ्या, एकके वेगळी. प्रत्येक आकडा त्याच लॅबने दिलेल्या मर्यादेशीच ताडायचा.

पुरुषात एन्झाइम जवळपास शून्य असेल तर तो जुन्या वर्णनातला ‘क्लासिक’ फॅब्री असण्याची शक्यता मोठी. त्या माणसाला लहानपणापासूनच्या तक्रारी विचारा. ताप आला किंवा ऊन लागलं की हातापायांची असह्य आग व्हायची का? घाम येत नाही म्हणून खेळाचा तास नकोसा व्हायचा का? ‘वाढीचं वय आहे, दुखणारच’ असं सांगून परत पाठवलेली मुलं यात असतात. बेंबीपासून मांड्यांपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढे गडद लाल ठिपके दिसतात, दाबले तरी ते नाहीसे होत नाहीत. कपडे काढून पाहिल्याशिवाय ते दिसणार नाहीत. लघवीत प्रथिनं जातात. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पखाली बुबुळावर भोवऱ्यासारख्या रेषा दिसतात, त्याने नजर कमी होत नाही. अमिओडॅरोन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांतही अशाच रेषा येतात, तेव्हा औषधांची यादी आधी तपासावी.

पण या खुणा नाहीत म्हणून कार्ड न पाठवणं ही मोठी चूक आहे. जपानमध्ये भिंत जाड असलेल्या २३० पुरुषांची तपासणी करून १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात सात जणांना फॅब्री निघाला, आणि त्या सातांपैकी एकालाही हातापायांची आग, पुरळ किंवा घामाची तक्रार नव्हती. हा उशिरा, बहुधा चाळिशीनंतर दिसणारा प्रकार. यात थोडं एन्झाइम शिल्लक असतं आणि आजार मुख्यतः हृदयातच राहतो. एन२१५एस हा बदल त्यातला सर्वांत परिचित. अशा पुरुषात कार्डाचा आकडा कधी कधी सीमारेषेवर येतो. तिथे थांबू नये: पांढऱ्या पेशींतलं एन्झाइम मोजावं आणि जीएलए जनुक वाचून घ्यावं.

उलट बाजूही आहे. डी३१३वाय हा जीएलएमधला बदल प्लाझ्मातलं एन्झाइम कमी दाखवतो, पण आजार करत नाही असंच आता मानलं जातं. ए१४३टी, आर११८सी यांच्याभोवतीही असाच घोळ झालेला आहे. अशा कागदावर विसंबून जन्मभराचं महागडं औषध सुरू करणं चूक. त्याआधी लायसो-जीबी३ (जीबी३चंच रक्तात मोजता येणारं रूप) पाहायलाच हवं.

स्त्रियांच्या बाबतीत चाचणी कुठे कमी पडते

पुरुषात एकच एक्स असतो. तो सदोष असेल तर एन्झाइम नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपवलेला असतो आणि कुठल्या पेशीत कुठला, हे ठरलेलं नसतं. रक्तातल्या बहुतेक पेशींत चांगला एक्स जागा असेल तर कार्डावर एन्झाइम नॉर्मल येतं. त्याच वेळी हृदयाच्या पेशींत सदोष एक्स जागा असू शकतो. म्हणून फॅब्री असलेल्या कितीतरी स्त्रियांचा एन्झाइमचा आकडा अगदी व्यवस्थित असतो. त्यांना नुसत्या ‘वाहक’ म्हणून सोडून द्यायचा जुना प्रघातही चुकीचा होता. त्यांचं हृदय जाड होतं, मूत्रपिंड खराब होतं, पक्षाघात येतो. पुरुषांपेक्षा सहसा काही वर्षं उशिरा, इतकंच.

यात चाचणीचा दोष नाही, ती जे मोजायचं ते बरोबर मोजते. दोष ‘एन्झाइम नॉर्मल, फॅब्री नाही’ असं स्त्रीच्या रिपोर्टवर बिनशर्त लिहिणाऱ्या लॅबचा. लॅब चांगली असेल तर ती तिथे ‘स्त्रीमध्ये जनुक तपासणी आवश्यक’ ही ओळ छापते. ही ओळ नसेल तर डॉक्टरांनी स्वतः लिहावी.

याच कार्डावरून लायसो-जीबी३ मोजता येतं आणि स्त्रियांत ते एन्झाइमपेक्षा जास्त कामाचं. तरी उशिराच्या प्रकारांत तेही नॉर्मल राहू शकतं. शेवटचा शब्द जनुकाचा. जीएलएचे सात एक्सॉन (जनुकातले प्रथिनाचा संकेत असलेले तुकडे) वाचले आणि काही सापडलं नाही, पण संशय दाट आहे, तर अख्खा एक्सॉन गायब झाल्याची शक्यता तपासून घ्या. स्त्रीत दुसरी चांगली प्रत असल्यामुळे साध्या सिक्वेन्सिंगमध्ये ती उणीव लपते. त्यासाठी एमएलपीए ही वेगळी पद्धत लागते आणि ती वेगळी मागावी लागते.

हे कार्ड कधी चुकीचं ठरतं

कार्ड पाठवलं म्हणजे बाकीचा शोध संपला असं होत नाही. कुठली चाचणी आधी करायची ते ईसीजी आणि इको शेजारी शेजारी ठेवूनच ठरवावं.

भिंत जाड पण ईसीजीतल्या लाटा बुटक्या: आधी अमायलॉइडचा विचार करा. वय साठीपुढे, दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झालेली, दंडातला बायसेप्सचा स्नायू तुटून गोळा झालेला, स्नायूचं आकुंचन मोजणाऱ्या स्ट्रेन इकोमध्ये हृदयाचं टोक तेवढं नीट हलतंय, अशी चित्रं जुळली तर पीवायपी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेलं हृदयाचं चित्र) लागतो. त्याआधी किंवा त्याच सोबत रक्तातल्या फ्री लाइट चेन (प्रतिपिंडांचे सुटे तुकडे) आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन (असामान्य प्रतिपिंड शोधणारी चाचणी) झालंच पाहिजे. अमायलॉइडचा एएल प्रकार हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा आजार, तो आठवड्यांच्या हिशोबात जीव घेतो आणि त्यातही स्कॅन पॉझिटिव्ह येऊ शकतो. हाडांच्या स्कॅनसाठी नेहमी वापरलं जाणारं एमडीपी हे पीवायपीची जागा घेऊ शकत नाही. हृदयातला अमायलॉइड त्यात निसटतो. टीटीआर प्रकार (त्याच नावाचं प्रथिन साठून होणारा) निघाला तर जनुकही तपासायचं, कारण तो आनुवंशिक असू शकतो.

किशोरवयीन मुलगा, भिंत प्रचंड जाड, ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयात विजेची जादा वाट असल्याची खूण), रक्तात सीके हे स्नायूंचं एन्झाइम वाढलेलं, अभ्यासात थोडा मागे: डॅनन. दोष एलएएमपी२ जनुकात. कुठलीही एन्झाइम चाचणी तो पकडणार नाही. डब्ल्यूपीडब्ल्यू आणि पुढे हृदयाचा विद्युतमार्ग बंद पडत जाणं, वडिलांना पेसमेकर: पीआरकेएजी२ जनुकातला दोष. दोन्हींसाठी जनुक पॅनेलच (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) हवं.

काही महिन्यांचं लुळं बाळ, ईसीजीत पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचायला लागणारा वेळ) छोटं, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या लाटा) कागदाबाहेर जाईल एवढे उंच: पॉम्पे. इथे हेच कार्ड उत्तम काम करतं, फक्त ‘फॅब्री’ऐवजी ‘पॉम्पे’वर खूण हवी, आणि लॅबला फोन करून घाई सांगायची. या बाळांकडे वेळ फार थोडा असतो. पॉम्पे आईवडील दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतो. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत हे आवर्जून विचारावं.

फॅब्रीतही सुरुवातीला पीआर अंतर छोटं दिसतं. पुढे उलट, नाडी मंदावते आणि ब्लॉक येतात. एमआरआयमध्ये एक खूण फार उपयोगाची: फॅब्रीत स्नायूचा टी१ आकडा (चुंबकीय संकेत किती वेळात सावरतो त्याचं माप) कमी येतो, अमायलॉइडमध्ये वाढतो. दोन्हींची भिंत सारखीच जाड दिसत असली तरी हा आकडा त्यांना वेगळं करतो. त्यासाठी एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘टी१ मॅपिंगसह’ असं लिहावं लागतं, नाहीतर तो भाग केला जात नाही.

जनुक पॅनेल मागवताना किती जनुकं आहेत यावर भुलू नका. यादीत जीएलए, एलएएमपी२, पीआरकेएजी२, टीटीआर आणि पीटीपीएन११ (नूनान सिंड्रोमशी जोडलेलं जनुक) ही नावं आहेत का ते पाहा. भारतीयांसाठी आणखी एक गोष्ट. एमवायबीपीसी३ जनुकात २५ अक्षरं गळालेला एक बदल सुमारे ४ टक्के भारतीयांत असतो. तो रिपोर्टमध्ये दिसला की ‘कारण सापडलं’ म्हणून शोध थांबवला जातो. इतका सर्रास आढळणारा बदल फॅब्री असलेल्या माणसातही योगायोगाने असणारच. त्यामुळे तो सापडला तरी कार्ड पाठवायचं.

निदानाने काय बदलतं

बरंच काही. फॅब्रीत कमी पडणारं एन्झाइम दर पंधरवड्याला शिरेतून देता येतं: अ‍ॅगालसिडेज बीटा किलोमागे १ मिलिग्रॅम, अल्फा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. काही ठरावीक जनुकबदलांत एक दिवसाआड घ्यायची मिगालास्टॅटची १२३ मिलिग्रॅमची कॅप्सूल चालते. स्नायूत चट्टे पडण्याआधी सुरू केलं तरच हृदयाला खरा फायदा. जाड भिंतीमुळे रक्ताची वाट अडणाऱ्या एचसीएमसाठी आलेलं मावाकॅम्टेन हे औषध फॅब्री किंवा अमायलॉइडसाठी नाही. नाडी आधीच मंद असलेल्या फॅब्रीच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर किंवा व्हेरापामिल जपून द्यावं लागतं.

खर्चाचं ओझं मोठं आहे. ६० किलोच्या माणसाला अ‍ॅगालसिडेज बीटा दर खेपेला ६० मिलिग्रॅम, वर्षात २६ खेपा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात फॅब्री आणि पॉम्पे तिसऱ्या गटात आहेत आणि नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. जन्मभराच्या औषधाला ही रक्कम पुरत नाही, हे कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. नुसता कार्डाचा कागद घेऊन तिथे जाऊ नका. पांढऱ्या पेशींतलं एन्झाइम किंवा लायसो-जीबी३, जनुकाचा रिपोर्ट, इको, ईसीजी, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं एवढं सोबत असावं.

काही ठिकाणी औषध कंपन्यांच्या मदतीने कार्ड चाचणी मोफत होते. त्यात गैर काही नाही, जरूर करावी. संमतीपत्रावर माहिती कुणाकडे जाणार ते मात्र वाचून सही करावी.

आणि रुग्णाचं निदान पक्कं झालं की त्याच दिवशी वंशावळ काढायला बसावं. रुग्ण पुरुष असेल तर त्याच्या सगळ्या मुलींकडे हा दोष गेलेलाच असतो, मुलग्यांकडे कधीच जात नाही. रुग्ण स्त्री असेल तर प्रत्येक अपत्यात शक्यता निम्मी. पुरुषाला तो आईकडून आलेला असतो, म्हणून त्याची आई, बहिणी, मावश्या, मामा आणि बहिणी-मावश्यांची मुलं यांना बोलवायचं. त्यातल्या पुरुषांना आणि मुलग्यांना कार्ड, बायकांना आणि मुलींना थेट जनुकातल्या त्याच एका जागेची तपासणी. घरातला बदल आधीच माहीत असल्यामुळे ती पूर्ण पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.